बाहेर बघायचं काम

“मी वर होतो आणि बाप खाली झोपला होता. आता गेले ते, कशाला बोलायचं...”

मामाच्या तेराव्याला जेवणं उरकल्यावर मी चहाचा ट्रे घेऊन व्हरांड्यात येत होते, तेव्हा हे वाक्य कानावर पडलं. बोलणारा अभयदादा, मामाचा एकुलता एक मुलगा. आता तो एका मोठ्या कंपनीची मोठी विमानं चालवतो. समोर फ्लाइंग क्लबमधला त्याचा जुना मित्र बसला होता. मित्र म्हणाला, “अरे, लागतो डोळा माणसाचा. तीस सेकंदांचा तर प्रश्न.” दादा म्हणाला, “तीस सेकंदांतच असतं ना सगळं.” मग त्यांना मी दिसले. दादानं कप उचलला. “साखर कमी घातलीस ना गं?” मी मान हलवली, मित्रालाही चहा दिला आणि आत आले. स्वयंपाकघरात मी रिकामा ट्रे धुतला. पुसला. पुन्हा धुतला.

मामाला जाऊन आज सहा आठवडे झाले. त्याच्याबद्दल काहीतरी लिही, असं आईचं रोज चालू आहे. “तुझं तोंड तर उघडत नाही, निदान पेन तरी उघड,” हे तिचे शब्द. मामा तिचा थोरला भाऊ. ती स्वतः लिहायला बसली की दुसऱ्या ओळीला रडते, म्हणून हे माझ्याकडे आलं.

मामा मूळचा निफाडकडचा. शाळा संपताच तो हवाई दलात गेला आणि वीस वर्षं वायरलेसवर काढून परत आला. त्याच सुमाराला निफाडच्या अलीकडे, द्राक्षबागा आणि उसाच्या मधोमध असलेल्या एका जुन्या धावपट्टीवर कुणीतरी विमान शिकवणारा छोटासा क्लब काढला होता. चार विमानं, एक पत्र्याची शेड, एक मुख्य प्रशिक्षक, ज्यांना सगळे कॅप्टनसाहेब म्हणायचे, आणि जमिनीवरून विमानांवर लक्ष ठेवायला माझा मामा. तिथली मुलं त्याला ‘टॉवरकाका’ म्हणायची. टॉवर म्हणजे चार लोखंडी खांबांवर उभी केलेली लाकडी केबिन. तिला तीन बाजूंनी काचा आणि वर जायला बारा पायऱ्यांची शिडी. आत एक टेबल, एक रेडिओ सेट, त्याला वीज पुरवणारी ट्रकची बॅटरी, उड्डाणांचं रजिस्टर, मामीनं भरून दिलेला थर्मास, आणि छताच्या हुकाला टांगलेला दिवा. हा दिवा मोठ्या टॉर्चसारखा, स्वतःच्या सेलवर चालणारा, मूठ धरून नेम धरायचा. हिरवा म्हणजे उतर, लाल म्हणजे उतरू नको, वर जा. क्लबच्या जुन्या विमानांतले रेडिओ असून नसल्यासारखे होते, त्यामुळे उतरणारा मुलगा आधी केबिनकडे बघायचा आणि मामा त्याला दिवा दाखवायचा. झोत इतका अरुंद, की ज्याच्यावर धरला त्यालाच रंग दिसायचा, शेजारच्याला नाही.

नव्वदीच्या दशकातली माझी चौथी-पाचवीपासून आठवीपर्यंतची वर्षं. मी कॉन्व्हेंटमध्ये होते आणि बोलायची नाही. शाळेत इंग्रजीची भीती आणि घरी मराठीची. लग्नाकार्यात भेटणारे नातेवाईक हमखास विचारत, “इंग्लिश मीडियमला घातली ती मुकी व्हायला का?” मावसभावंडांचा आवडता खेळ म्हणजे मला गाठून “एकोणसत्तर म्हणजे किती गं?” असं विचारणं. मी मनात सिक्स्टी-नाइन की सेव्हन्टी-नाइन करत राहायची आणि ते हसून लोळायचे. मामानं मला कधी असलं काही विचारलं नाही. दर रविवारी सकाळी सातला त्याची चेतक स्कूटर आमच्या बिल्डिंगखाली येऊन दोनदा हॉर्न द्यायची. कानटोपी, गळ्यात मफलर, हाफ स्वेटर. निफाडची थंडी ज्यानं खाल्ली आहे त्याला पुढचं सांगायला नको. मी मागे बसायची, दोन्ही हात त्याच्या स्वेटरच्या खिशांत. रस्त्यात एका टपरीवर तो थांबायचा. टपरीवाला म्हणायचा, “भाचीला बी इमान शिकिवता काय?” मामा म्हणायचा, “तिला येतं. आपल्यालाच येत नाय.”

केबिनमध्ये माझ्यासाठी एक उलटा ठेवलेला लाकडी खोका होता. मुलांना वर यायची परवानगी नव्हती, पण कॅप्टनसाहेब रविवारी उशिरा यायचे आणि मामा म्हणायचा, “तू मूल कुठंय? तू तर फर्निचर. आवाजच करत नाहीस.” मला याचा राग कधीच आला नाही. त्या केबिनमध्ये न बोलणं हा दोष नव्हता, उलट तो नियम होता. उतरायच्या आधी विमान धावपट्टीभोवती चौकोनी फेरी घालतं आणि शेवटचं वळण घेतलं की समोर सरळ धावपट्टी असते. मामाचा नियम असा, की विमानानं ते शेवटचं वळण घेतल्यापासून चाकं टेकेपर्यंत केबिनमध्ये कुणी एक अक्षर बोलायचं नाही. “इंजिन काय म्हणतंय ते ऐकू दे,” तो म्हणायचा. मामा सांगायचा, एकदा मी नसताना खुद्द कॅप्टनसाहेब वर येऊन क्रिकेटबद्दल काही सांगायला लागले, तर मामानं त्यांच्यासमोर तळहात धरला. तेही गप्प झाले. मला ते फार आवडलं होतं. सगळं जग जिथं माझ्यासारखं वागायचं, अशी ती एकच जागा होती.

रजिस्टरमध्ये तो प्रत्येक उड्डाणाची वेळ लिहायचा, आणि पुढेपुढे मला लिहायला द्यायचा. “आकडे इंग्रजीतच लिही. विमानाला मराठी आकडे कळत नाहीत, तू निर्धास्त राहा.” अभयदादा बारावीनंतर त्याच क्लबात शिकायला लागला होता. त्याचं नाव मामा इतर मुलांसारखंच आडनावासकट लिहायचा. दादा उतरला की केबिनकडे बघून हात करायचा. मामा घड्याळात बघून वेळ लिहायचा. मला वाटायचं, यानंही हात करावा... पण घरी गेल्यावर तोच मामा मामीला विचारायचा, “आज त्याचं उतरणं कसलं झालं माहितीये? लोण्यावरून सुरी.” दादाला हे त्यानं कधी ऐकवलं नाही.

आणखी एक आठवण सांगितलीच पाहिजे, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. एका संध्याकाळी मामीच्या ओट्याशी उभं राहून मामानं मला दोन उलथनी घेऊन शिकवलं होतं. क्लबच्या विमानांचे पंख छताला असतात. आत बसलेल्याला खालची जमीन छान दिसते, पण डोक्यावर काय आहे ते दिसत नाही. दुसऱ्या प्रकारच्या विमानांचे पंख पोटाशी असतात. त्यातल्याला वरचं आभाळ दिसतं, पण पोटाखालचं दिसत नाही. मामानं एक उलथनं खाली धरलं, एक वर, आणि दोन्ही हळूहळू ओट्याकडे उतरवत आणली. “वरच्याला खालचं दिसत नाही. खालच्याला वरचं दिसत नाही. दोघंही अगदी बरोबर चाललेत, दोघांचीही चूक नाही. आणि आता?” उलथनी एकमेकांवर आपटली. “मग कुणाला दिसतं?” त्यानं विचारलं. मग स्वतःच म्हणाला, “खाली बसलेल्याला. फक्त त्याला. म्हणून त्याला पगार.” पिठाचे हात घेऊन उभी असलेली मामी म्हणाली, “तुमची विमानं उतरली असतील तर माझं थालीपीठ उलटू का? करपलं ते.”

तो जानेवारीतला रविवार होता. मी तेरा वर्षांची. धुकं नऊपर्यंत रेंगाळलं आणि मग एकदम लख्ख ऊन पडलं. दादा एकटा वर गेला होता, बरोबर प्रशिक्षक नव्हता. त्याची ती चौथी की पाचवी एकट्यानं मारलेली फेरी. कॅप्टनसाहेब आले होते, पण शेडमध्ये एका इंजिनाशी खटपट करत होते. रेडिओवर अचानक एक अनोळखी आवाज आला, तुटक तुटक. बाहेरगावचं एखादं विमान असावं, काहीतरी विचारत होतं. मामानं माइक उचलला आणि तेवढ्यात सेटचा दिवा मंद होत विझला. “बॅटरी रुसली पुन्हा,” मामा म्हणाला. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरायची आणि तार सैल व्हायची, हे नेहमीचं होतं. तो पॉलिशपेपरचा तुकडा घेऊन टेबलाखाली वाकला. “कुणीतरी येतंय बहुतेक. त्याला उत्तर द्यायला हवं. बाहेर बघ गं जरा, मी हे जोडतो.”

मी काचेशी उभी राहिले. दादाच्या पिवळ्या विमानानं शेवटचं वळण घेतलं, म्हणजे नियम सुरू झाला. आणि मग चांदवडच्या डोंगरांच्या बाजूनं मला दुसरं विमान दिसलं. पांढरं, लांबट, पोटाशी पंख असलेलं. केबिनमधून उत्तर आलं नाही म्हणून धावपट्टी रिकामी आहे असं त्याला वाटलं असणार. ते फेरी न घालता थेट आलं, दादाच्या मागून, वरून. आधी ते मला सुंदर दिसलं. खाली पिवळं, वर पांढरं, एकाच वाटेनं एकाच दिशेला... जणू वरचं खालच्याला जपत चाललंय. मग मधलं अंतर कमी होताना दिसलं. मला उलथनी आठवली. मला सगळं कळत होतं, हे मी इथं स्पष्ट लिहिते. कळलं नाही, लहान होते, घाबरले, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं आहे, पण ते खरं नाही. मला दिसत होतं आणि कळत होतं. ‘मामा’ हा एवढा दोन अक्षरांचा शब्द घशात येऊन थांबला होता. विमान शेवटच्या वळणानंतर आहे, बोलायचं नाही. आणि नियम बाजूला ठेवला तरी, बोलायची मला सवयच नव्हती. नंतर मी कितीतरी वेळा मनात मोजून पाहिलं आहे. सात. कदाचित आठ. एवढे आकडे मोजेपर्यंत मी उभी होते.

मामाचं डोकं आपोआप वर आलं. त्याला ऐकू आलं होतं की इंजिन एक नाही, दोन आहेत. केबिनमध्ये शांतता होती म्हणूनच ते ऐकू आलं... या गोष्टीचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही. तो ओरडला नाही. त्यानं हुकावरचा दिवा काढला, काचेला टेकवला, आणि लाल झोत फक्त वरच्या विमानावर धरला. शेजारीच धोक्याचा लाल गोळा उडवायचं पिस्तूल होतं, त्याला त्यानं हात लावला नाही. गोळा दोघांनाही दिसला असता, दोघंही वर उठले असते, आणि खालचं वरच्याच्या पोटात शिरलं असतं. हे मला खूप वर्षांनी समजलं. मामानं तो विचार किती वेळात केला असेल? वरच्या विमानाचं नाक उचललं गेलं. एकावर एक दोन माणसं उभी राहतील, एवढंच अंतर मध्ये उरलं होतं. गर्जना झाली, काचा थरथरल्या, पांढरं विमान आमच्या डोक्यावरून वर निघून गेलं. दादाला समोरच्या काचेत एकाएकी वरून पुढे सरकणारी दोन चाकं दिसली होती. तो वाकडातिकडा उतरला, दोनदा उसळला आणि धावपट्टीच्या मध्यावर थांबला. इंजिन बंद झालं. तो बाहेर येईना.

मामानं दिवा हुकाला अडकवला. पहिल्यांदा हुक सापडला नाही, दुसऱ्यांदा अडकला. मग त्यानं घड्याळात बघितलं आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहिली. त्यानंतर माझ्याकडे पाहिलं. मी काचेशी होते, तोंड अर्धवट उघडं. मला वाटतं, तेवढ्यानं त्याला सगळं समजलं. तो म्हणाला, “खाली जा. शेडच्या मागं जाऊन बस. बाहेर बघायचं काम माझं होतं. तू इथं नव्हतीस.”

शेडच्या पत्र्याला पाठ लावून मी बसले होते. पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. कॅप्टनसाहेब वर जाऊन, पाहून खाली आले होते. “काका, वर कोण होतं?”

“मी एकटा.”

“मग एवढं मोठं एअरक्राफ्ट दिसलं नाही तुम्हाला?”

“बॅटरीची तार सुटली होती. ती जोडत होतो, खाली वाकून.”

“सेट तर चालू आहे, काका. आत्ता मी बोललो त्याच्यावर. एकदम क्लिअर.”

मामाची तार जोडून झाली होती, ती दिसत होती. सुटलेली तार कुणाला दिसली होती? ती पाहिलेलं माणूस पत्र्याच्या अलीकडे बसलं होतं. “काका, खरं सांगा,” कॅप्टनसाहेबांचा आवाज खाली आला, “डोळा लागला होता का? सकाळची थंडी, उबदार ऊन... होतं.” मामा काही बोलला नाही. मी उठून तिकडे जायला हवं होतं. वीस पावलं. मामा तेव्हा का बोलला नाही, हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ सगळ्यांनी ‘हो’ असा घेतला. दादाही तिथंच उभा होता. त्याचा आवाज मला अजिबात आला नाही.

पुढच्या महिन्यापासून मामानं क्लब सोडला. त्याला काढलं की त्यानंच सोडलं, हे घरात कधी नीट बोललं गेलं नाही. “थंडीला कंटाळलो,” असं तो सगळ्यांना सांगायचा आणि दोनच महिन्यांत द्राक्षांच्या एका शीतगृहात कारकून म्हणून लागला. मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगायची, “यांना थंडीचा कंटाळा आला, म्हणून कोल्ड स्टोरेजात नोकरी धरली!” मामाही हसायचा. दादानं उरलेलं शिक्षण दुसऱ्या राज्यात जाऊन पूर्ण केलं. तो कमी यायला लागला. आला की वडिलांशी हवापाण्यावर बोलायचा, आईशी बाकी सगळं. एका दिवाळीत, मी फराळाची ताटं मांडत असताना, तो एकदम म्हणाला, “बाबा, एकदाच विचारतो. खरंच झोपला होता तुम्ही?” मामानं डबा त्याच्याकडे सरकवला. “चिवडा घे. यंदा तिखट झालाय.” दादा उठून गच्चीवर गेला. मी तिथंच होते, हातात करंज्यांचं ताट. मामानं माझ्याकडे पाहून अगदी हलकेच मान हलवली, नको अशी. पण खरं सांगायचं तर, त्याची ती मान मला हवीच होती. नसती हलवली तरी मी बोलले नसते.

मामाच्या चेतकचा उजवा आरसा त्याच सुमाराला फुटला. तो त्यानं पुढे कधी बसवला नाही. मी मागे बसले की तो म्हणायचा, “आरसा नाही बाबा आपल्याकडे. मागचं तू सांगायचं. दिसलं की बोलायचं, विचार करत बसायचं नाही.” मग लासलगावच्या रस्त्यानं मी सांगत जायची. “ट्रक.” “मोठ्यानं!” “ट्रक, मामा! एसटी! कांद्याचा ट्रॅक्टर, त्याच्यामागे अजून एक!” वाऱ्यात ओरडून ओरडून घसा बसायचा. कधी मी उगाचच सांगायची, “मागून हत्ती,” आणि तो खरोखरच गाडी कडेला घ्यायचा, हात दाखवून हत्तीला पुढे जाऊ द्यायचा. मी एवढी कुणाबरोबर हसलेली नाही. एकदा मामी वैतागून म्हणाली, “अहो, किती दिवस आरशाशिवाय फिरणार?” तो म्हणाला, “चाललंय की. माझा आरसा मराठी आणि इंग्लिश दोन्हीत बोलतो.” आरसा त्यानं का बसवला नाही, हे तो गेल्यानंतर एके दुपारी, भांडी घासताना, माझ्या लक्षात आलं. त्यानं कधी विचारलं नाही, कधी रागावला नाही, कधी माफ केलं असंही म्हणाला नाही. नुसता रस्ता होता, मागून येणाऱ्या गाड्या होत्या, आणि मोठ्यानं बोल म्हणणारा माझा मामा.

शेवटची भेट डिसेंबरातली. त्याचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी जिने बंद केले होते. खिडकीशी खुर्ची टाकून बसला होता, मांडीवर रग. मी ठरवून गेले होते. दादाला सांगू का, एवढंच विचारायचं होतं. मी त्याला माझ्या नोकरीचं सांगितलं, ऑफिसातल्या लिफ्टचं सांगितलं, नव्या मोबाइलवर मराठी अक्षरं कशी दिसतात ते दाखवलं. तो सगळं मन लावून ऐकत होता. निघताना म्हणाला, “अभय आला की त्याच्याशी बोलत जा गं. तुम्ही दोघंही माझ्यावर गेलात, घुमे.” मी “हो” म्हणाले आणि चपला घातल्या. दहा दिवसांनी, दुपारी, तो गेला. “झोपेतच गेले,” असं मामी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, आणि दर वेळी ते ऐकून दादा तोंड दुसरीकडे वळवत होता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मुंबईला परत निघाला. त्याला संध्याकाळी कामावर हजर व्हायचं होतं. बॅगा गाडीत गेल्या होत्या. तो व्हरांड्याच्या पायरीवर बसून बूट घालत होता आणि त्याची पाच वर्षांची मुलगी, सई, त्याच्या पाठीवर रेलली होती. मामी आतून लाडवांचा डबा आणत होती. मी दाराला टेकून उभी होते, नेहमीसारखी.

“बाबा, आजोबा पण विमान चालवायचे?” सईनं विचारलं.

“नाही. आजोबा खाली असायचे.”

“खाली काय करायचे?”

दादानं बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. सई त्याच्या खांद्याला हलवत राहिली. “सांग ना, बाबा. खाली बसून काय करायचे?” मामी डबा घेऊन दारात येऊन थांबली. दादा उत्तर देणार नव्हता. मला दिसत होतं की तो देणार नाही, आणि हे मूल त्या गप्प राहण्याचा जो काही अर्थ लावेल तो घेऊन मोठं होणार.  अकरा वर्षांपूर्वी काचेशी होते, तशीच मी दाराशी उभी होते.

“बघायचे,” मी म्हणाले.

आवाज इतका चिरका आला की सई हसली. दादानं मान वर केली.

“दादा, त्या दिवशी मामा झोपला नव्हता. तार खरंच सुटली होती, तो टेबलाखाली वाकून ती जोडत होता आणि मला त्यानं बाहेर बघायला सांगितलं होतं. मी होते वर. दोन्ही विमानं मला त्याच्या आधी दिसली, दादा. आणि मी बोलले नाही.”